शेंगाचटणी, काडेपेटी आणि १८१८ चा मे महिना

प्रति,
मा. संपादक,

विषय : ऐतिहासिक कथा-कादंबऱ्यांतील चुकांविषयी आपल्या पुरवणीत सुरू असलेला पत्रव्यवहार

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत सिद्धरामेश्वरांच्या काळातील सोन्नलगीवर, म्हणजे तेव्हाच्या सोलापूरवर, बेतलेली एक कथा प्रसिद्ध झाली आणि तिच्या पाठोपाठ तीन वाचकपत्रे आली. पहिल्या पत्रलेखकाने, तलाव खोदणाऱ्या मजुराच्या शिदोरीत भाकरीबरोबर शेंगाचटणी कुठून आली, असा प्रश्न करून सगळी कथाच निकालात काढली. दुसऱ्याने, कथा ही कथा म्हणून वाचावी, पात्रांच्या शिदोऱ्या सोडून बघू नयेत, असे सुनावले. तिसऱ्याचा निवाडा असा की, इतिहासावरील कथा-कादंबऱ्या इतिहासाच्या प्राध्यापकांनीच लिहाव्यात, हौशी मंडळींनी त्या वाटेला जाऊ नये. मी त्या हौशी मंडळींपैकी एक आहे. माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यापासून गेली नऊ वर्षे मी १८१८ मधील सोलापूरवर एक कादंबरी लिहितो आहे. ती अद्याप पूर्ण झालेली नाही आणि घरच्यांच्या मते होण्याची लक्षणेही नाहीत. तेव्हा या वादात माझा स्वार्थ गुंतलेला आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

चटणीच्या बाबतीत पहिल्या पत्रलेखकाचे म्हणणे बिनतोड आहे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि मिरचीही अमेरिकेकडचीच. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून जे जे हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागले त्यात मिरची होती, तंबाखू होती, पेरू, पपई, अननस आणि काजू होते. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांच्या तलावावर राबणाऱ्या माणसाच्या फडक्यात ज्वारीची भाकरी खुशाल असावी, तिच्यावर जवसाची किंवा तिळाची चटणीही असावी, पण तिला तिखटपणा आणायचा तर तो मिऱ्यांनीच आणला पाहिजे. या मिरीचेच नाव पुढे परदेशातून आलेल्या मिरचीने घेतले. शेंगाचटणीवाचून सोलापूरच्या माणसाला आपले गाव डोळ्यांपुढे आणता येत नाही, हे मी समजू शकतो. पंढरीच्या वाटेवरच्या ज्ञानेश्वरकालीन वारकऱ्याला साबुदाण्याची खिचडी खाऊ घालणारेही मी वाचले आहेत, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही दक्षिण अमेरिकेतलाच. उलट, जे खरे असते ते लिहायला आपण कचरतो. अकबराच्या दरबारातील असदबेग विजापूरला गेला होता आणि तेथे पाहिलेली तंबाखू त्याने ओढण्याच्या नळीसकट बादशहापुढे नेऊन ठेवली, ही गोष्ट सतराव्या शतकाच्या अगदी आरंभीची. विजापूर येथून शंभर किलोमीटरवर. म्हणजे त्या शतकात सोलापूरच्या तटावर पहारा देणाऱ्या एखाद्या गड्याने चिलीम ओढली तर त्यात काही वावगे नाही. पण असे लिहिले की कोणीतरी हटकणारच, कारण वाचकाच्या मनातला जुना काळ हा शाळेतल्या भित्तिचित्रासारखा स्वच्छ असतो.

तरीही चटणीपायी कथा बाद करावी, हे मला मान्य नाही. आणि चटणीकडे पाहूच नये, हे तर त्याहून नाही. याचे कारण माझ्या स्वतःच्या फजितीत आहे.

माझ्या हस्तलिखिताच्या तिसऱ्या प्रकरणात किल्ल्यातील दप्तरावर काम करणारा एक कारकून मध्यरात्री उठतो, दिवा लावतो, अंगरख्यात लपवलेले पत्र काढून एकटाच वाचतो आणि दिव्याच्या ज्योतीवर ते जाळून टाकतो. हे प्रकरण मला इतके साधलेसे वाटत असे की, घरी येईल त्याला मी ते वाचून दाखवीत असे. एकदा मोहोळहून माझी आत्या आली होती. वय अठ्ठ्याऐंशी, शाळा चौथीपर्यंत, कान मात्र शाबूत. मेथीची जुडी पुढ्यात घेऊन ती निवडता निवडता ऐकत होती. मी ‘त्याने दिवा लावला’ येथवर आलो, तशी तिने हातातली काडी खाली ठेवली आणि विचारले, “कशानं लावला रे?” मी म्हटले, “काडीनं.” त्यावर ती म्हणाली, “पेशवाईत काडेपेटी होती व्हय?”

नव्हती. घासून पेटणारी काडी इंग्लंडात जॉन वॉकर नावाच्या औषधविक्याने तयार केली तीच मुळी १८२६-२७ च्या सुमारास; सोलापूरच्या किल्ल्यात ती १८१८ मध्ये असण्याचा संभव नाही. नऊ वर्षे काम करणाऱ्या माणसाला हे कळले नव्हते आणि मेथी निवडणाऱ्या बाईला एका वाक्यात कळले. मग तिने मला विस्तवाची हकिकत सांगितली. तिच्या लहानपणी घरात काडेपेटी असे, पण काडी म्हणजे पैसा, म्हणून ती फडताळात वर ठेवलेली. रात्री भाकऱ्या झाल्या की चुलीतला चांगला निखारा राखेखाली पुरून ठेवायचा; पहाटे राख अलगद बाजूला करून त्याला गोवरीचा तुकडा टेकवायचा आणि फुंकणीने फुंकायचे. निखारा विझलेला निघाला तर त्या दिवशी सुनेची धडगत नसे. मग एक गोवरी घेऊन शेजारी विस्तव मागायला जावे लागे. शेजारी म्हणजे कोणाकडेही नव्हे. विस्तव कोणाच्या चुलीतला चालतो आणि कोणाच्या नाही, याचेही उंबरठे ठरलेले होते.

ते सर्व ऐकल्यावर माझ्या कारकुनाला मध्यरात्री एकट्याने दिवा लावता येईना. चकमक झाडावी तर आवाज होतो आणि पलीकडे पहारेकरी जागा आहे. राहिली चूल. ती आतल्या घरात, आणि तेथे त्याची म्हातारी आई निजलेली. तो राख उकरू लागला की ती जागी होणार, पोराच्या हातातला कागद पाहणार आणि एवढ्या रात्री कोणाचे पत्र आले म्हणून विचारणार. माझे गुपित पत्र गुपित राहिलेच नाही. त्या आईला पुढे तीन प्रकरणे द्यावी लागली आणि आज मला विचाराल तर कादंबरीत वाचण्याजोगे जे काही आहे ते त्याच तीन प्रकरणांत आहे. आपल्या दुसऱ्या पत्रलेखकाने शिदोरी सोडून न पाहण्याचा जो सल्ला दिला आहे, त्याला माझे उत्तर एवढेच की, त्या काळात दिवा कसा लागत होता हे न पाहिल्यामुळे मी एका बाईला कादंबरीबाहेर ठेवले होते.

भाषेच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांशी मात्र माझे जमत नाही. ‘त्या काळातली भाषा’ लिहा, असे पहिल्या पत्रलेखकाने जाता जाता सुचवले आहे. सिद्धरामेश्वरांनी वचने रचली ती कन्नडमध्ये. तेव्हाच्या सोन्नलगीतले मजूर तलावावर ज्या बोलीत एकमेकांना हाका मारीत असतील ती बहुधा कन्नडच असणार, आणि म्हणून आपल्या कथेतली त्यांची मराठी हे आरंभापासून भाषांतरच आहे. ते चांगले आहे की वाईट, एवढेच पाहायचे. आता तेव्हाची मराठी म्हणाल तर तीही आपल्याला दूरची नाही. भीमा आणि सीना जेथे मिळतात त्या हत्तरसंग कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला आणि मराठीतील अगदी जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. मी दहावीच्या मुलांना ती फळ्यावर लिहून देत असे आणि वर्गातल्या एखाद्यालाच तिचा अर्थ अर्धामुर्धा लागत असे. त्या मराठीत तीनशे पानांची कादंबरी कोणी लिहिलीच, तर ती वाचून विजयी होणारा वाचक शोधावा लागेल.

सतराव्या-अठराव्या शतकावर लिहिणारे याच्या उलट टोकाला जातात. पात्रे जितकी जुनी तितकी त्यांची मराठी संस्कृतप्रचुर असली पाहिजे, असा एक समज आपल्याकडे रुजून बसला आहे. साधा शिलेदारही मग ‘आक्रमण’, ‘निर्णय’, ‘प्रस्थान’ असे शब्द वापरू लागतो आणि आजच्या राजकीय अर्थाचे ‘राष्ट्र’ त्याच्या तोंडी येते. त्या काळचे कागद उघडून पाहिले तर फौज, शिपाई, हजीर, रवाना, बंदोबस्त, तसनस, खर्चवेच या शब्दांवाचून एक ओळ पुढे सरकत नाही. शिवाजी महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला तो दरबारी भाषेत फारसी शब्द इतके भरले होते म्हणूनच. तो कोश निघाला याचा अर्थ दुसऱ्या दिवसापासून सगळे संस्कृत बोलू लागले, असा होत नाही. मी स्वतः मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश उशाशी घेऊन बसतो आणि एखादा शब्द तेथे सापडला नाही की तो माझ्या कारकुनाच्या तोंडून काढून टाकतो. हा नियम काही शास्त्रशुद्ध नाही, पण त्याने पुष्कळ शब्द वाचतात आणि पुष्कळ जातात, एवढा अनुभव आहे.

पण वस्तू आणि शब्द सुधारणे तुलनेने सोपे आहे, कारण कोणीतरी चूक दाखवते आणि आपण ती खोडतो. ज्या चुकीसाठी मी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले आहे ती कोणी दाखवीत नाही, कारण ती आपल्याला आवडते. जुन्या काळातल्या माणसांना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते; आपल्या कादंबऱ्यांतल्या माणसांना ते ठाऊक असते.

मे १८१८ मध्ये जनरल टॉमस मन्रोची इंग्रजी फौज सोलापूरवर आली. दुहेरी तटाचा भुईकोट, एका अंगाला सिद्धेश्वराचा तलाव, आणि किल्ल्याच्या आश्रयाला गणपतराव पानशांच्या हुकमतीखाली पेशव्यांचे पायदळ व तोफा. त्याआधी २० फेब्रुवारीला आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले होते आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती गेले होते. सोलापूर फार दिवस टिकले नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात किल्ला खाली झाल्यावर कारकून बुरुजावर उभा राहतो, मावळत्या सूर्याकडे पाहतो आणि म्हणतो, “संपली पेशवाई.” हे वाक्य लिहिताना माझे डोळे भरून आले होते, हे कबूल करायला हरकत नाही. पुढे सहा महिन्यांनी तेच पान वाचताना ते वाक्य तद्दन खोटे असल्याचे माझ्या ध्यानात आले.

पेशवे बाजीराव इंग्रज सेनाधिकारी मॅल्कमच्या स्वाधीन झाले ते ३ जूनला, पार असीरगडाकडे. माझा कारकून बुरुजावर उभा होता तेव्हा पेशवे मोकळे होते, हिंडत होते, आणि त्यांच्याविषयी येणारी प्रत्येक बातमी जासुदाच्या पायांनी, आठ-पंधरा दिवस शिळी होऊन आणि वाटेत दहा तोंडांतून बदलून येत होती. त्या माणसाने आयुष्यात निजामाची फौज आलेली आणि गेलेली ऐकली असेल, होळकरांनी पुणे लुटल्याचे ऐकले असेल, पेंढाऱ्यांच्या भीतीने बायकापोरांना एक-दोनदा किल्ल्यात आणले असेल. इंग्रजही त्यातलेच, खंडणी घेतील आणि जातील, असे त्याला वाटले असेल, तर तो मूर्ख ठरत नाही. त्याच्यापुढचे प्रश्न निराळे होते. चार महिन्यांचा पगार तुंबला आहे तो आता कोणाकडे मागायचा? कुळांकडची बाकी वसूल करायची की सोडून द्यायची, आणि वसूल केली तर भरणा कोणाकडे? नवा अंमलदार जुनी दप्तरे मानील का, की ज्याच्या हातात ती सापडतील त्यालाच धरील? आणि मृग तोंडावर आला आहे. ‘संपली पेशवाई’ हे वाक्य त्याचे नव्हते; पुढची दोनशे वर्षे ठाऊक असलेल्या, बाळीवेशीत भाड्याच्या घरात बसलेल्या एका निवृत्त मास्तराचे ते वाक्य होते, आणि मी ते बिचाऱ्याच्या तोंडात कोंबले होते.

मला हे कळले ते एका कागदामुळे. आमच्या घरच्या जुन्या बासनात मोडी कागद होते; निवृत्तीनंतर मोडी शिकून मी ते एकेक करून उघडले. ज्यांनी मोडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे त्या रेघेला टांगत जातो. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि लिहिणारा घाईत असला तर अक्षरे नुसती पळत असतात. या एका कागदावरचे साल लावायला मला तीन दिवस लागले : ‘समान अशर मयातैन व अलफ’. समान म्हणजे आठ, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार, मिळून १२१८. हा सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत चालणारी एक कालगणना. त्यात ५९९ मिळवले की १८१७ येते, आणि हे साल मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्यामुळे जून १८१७ ते जून १८१८ एवढा काळ त्यात मावतो. पुढे महिना लिहिला होता रजब. हिजरी कालगणना मांडून पाहिली तर तो रजब ७ मे १८१८ च्या सुमारास सुरू होतो.

म्हणजे ज्या महिन्यात सोलापूरच्या पेठेवर तोफा डागल्या जात होत्या, त्याच महिन्यातला तो कागद होता. मी श्वास रोखून वाचू लागलो. ते दोन बैलांचे खरेदीखत निघाले. एक खिल्लारी, एक तांबडा, तांबड्याचे डावे शिंग मोडके. किंमत अंकुशी रुपयांत, अर्धी रोख आणि अर्धी सुगीवर. बैल पहिल्या पावसात औताला बसला नाही तर परत घेण्याचा करार आणि खाली साक्षीदारांच्या निशाण्या. लढाईचा उल्लेख नाही, इंग्रज नाही, पेशवा नाही. सोलापुरापासून चार कोसांवर राहणाऱ्या माणसाने त्या महिन्यात पहिल्या पावसाचा विचार करून बैल घेतले होते. प्रथम मी निराश झालो, नंतर मात्र तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. तोफेचा आवाज त्याला ऐकू आला असलाच पाहिजे. तरी त्याने शिंग तपासले, भाव केला आणि सुगीचा वायदा दिला, कारण सुगी येणार यावर त्याचा भरवसा होता. ‘संपली पेशवाई’ मी त्याच रात्री खोडले.

पानिपतचा पराभव पेशव्यांना कसा कळला, हे पुष्कळांना ठाऊक असते. सावकारी पत्रातला तो मजकूर होता : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा आशयाचा. एवढ्या मोठ्या अनर्थाची बातमी त्या माणसांनी हिशेबाच्या भाषेत लिहिली, आणि भेलशाच्या मुक्कामी नानासाहेबांना ती आधी उलगडून घ्यावी लागली असेल. कोणता मोती, कोणती मोहोर? ते काही क्षण कोणी लिहीत नाही, कारण लेखकाला आणि वाचकाला उत्तर आधीच पाठ असते. आणखी एक असे की, आपल्या ऐतिहासिक कादंबरीने दोन मोत्यांवर आणि सत्तावीस मोहरांवर शेकडो पाने लिहिली. खुर्द्याकडे ती क्वचितच वळली. आपले सोलापूर तर एकेकाळी आंदण म्हणून दिले गेलेले गाव आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने चांदबिबीचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी लावले तेव्हा मुलीबरोबर हा किल्ला दिला. त्यानंतर थोड्याच काळात, १५६५ मध्ये, तालिकोटची लढाई झाली. चांदबिबीवर लिहिणारे लिहितील. पण एका सकाळी, आपला महसूल आता दुसऱ्या बादशहाच्या खजिन्यात जाणार असे ज्याला पाटलाने सांगितले, त्या माणसाने काय विचारले असेल? मला वाटते, त्याने दर विचारला असेल.

वाचकांविषयीही थोडे लिहायला हवे, कारण सगळा दोष लेखकांवर टाकून चालणार नाही. आपण ऐतिहासिक कादंबरी पोथीसारखी वाचतो. शाळेत असताना एका हुशार मुलीच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत मला शिवाजी महाराजांचे आठ ओळींचे भाषण अवतरणचिन्हांसह सापडले होते. ते एका कादंबरीतले होते आणि तिला त्याबद्दल पूर्ण गुण हवे होते. ‘गड आला पण सिंह गेला’ या वाक्यानंतर कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे आपण सर्वजण लहानपणापासून मानत आलो. वास्तविक ‘सिंहगड’ हे नाव १६६३ सालच्या पत्रातच येते, आणि तानाजी मालुसरे पडले ते ४ फेब्रुवारी १६७० ला. हे सांगितल्यावर वर्गात एक मुलगा माझ्यावर इतका रागावला की तो आठवडाभर बोलला नाही. मला त्याचा राग आला नाही. नाव आधीचे असल्याने तानाजींच्या पराक्रमात रतीभरही उणे येत नाही, हे त्याला पटवायला मात्र मला बराच वेळ लागला, आणि पूर्ण पटले की नाही, कोण जाणे.

तिसऱ्या पत्रलेखकाच्या निवाड्याबद्दल फार लिहीत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, बासने सोडवून जे कागद मिळवले ते १८९८ पासून बावीस खंडांत छापले, ते काय केवळ प्राध्यापकांनी वाचावेत म्हणून? मात्र त्यांच्या म्हणण्यात एक बोच आहे ती मला लागली. आपल्या शहरातील एका जुन्या वाचनालयात मी असाच एक साधनग्रंथ मागितला, तेव्हा तो मागच्या कपाटातून धूळ झटकून आणून देण्यात आला. त्याच्या पानांच्या कडा जोडलेल्याच होत्या. इतक्या वर्षांत तो कोणी कापूनसुद्धा पाहिला नव्हता. त्याच कपाटाच्या शेजारी ऐतिहासिक कादंबऱ्यांची मांडणी होती आणि त्यांचे पुठ्ठे हाताळून हाताळून सुटले होते. ग्रंथपालांनी मला पट्टी आणून दिली आणि मी तेथेच बसून पहिली सोळा पाने कापली.

तेव्हा आपल्याला माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की, पुरवणीत ऐतिहासिक कथा छापताना तिच्याखाली लेखकाकडून चार ओळी लिहून घ्याव्यात : कोणती माणसे आणि घटना कागदांत सापडतात आणि कोणती त्याने रचली आहेत. यामुळे कथेची गोडी कमी होते, अशी भीती काही लेखक बोलून दाखवतात. माझा अनुभव तसा नाही. कारकुनाची आई रचलेली आहे आणि बैलांचे खरेदीखत खरे आहे, हे ज्यांना मी सांगितले त्यांनी आईविषयीच अधिक विचारले. दुसरी विनंती वाचकांना पोहोचवावी. घर रंगवायला काढताना किंवा वाडा पाडताना माळ्यावरची बासने रद्दीत घालू नयेत. त्यात बहुतेक करून बैल, विहिरीचे हिस्से, लग्नाचा खर्च आणि उसनवारी एवढेच निघेल. मला तेवढेच हवे आहे.

आणि एक प्रश्न, ज्याचे उत्तर एखाद्या वाचकाकडे असेल म्हणून विचारतो. सोलापूरकडच्या साध्या घरांत रॉकेल येण्यापूर्वी दिव्यात रोज कोणते तेल जळत असे? आत्या करडईचे म्हणते. पण आत्याचा जन्म माझ्या कारकुनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी झाला, आणि यावेळी मला तिच्या शब्दावर पुढचे प्रकरण लिहायचे नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)